अर्थ सांगणारी

आमच्या सुंदराआत्याला स्वतःचं नावसुद्धा एका दमात सांगता यायचं नाही. ‘सु’वर ती अडकायची, मान डाव्या खांद्याकडे झुकायची, डोळे मिटायचे, आणि समोरच्यानं कंटाळून ‘सुंदरा का?’ म्हटलं की सुटल्यासारखी मान डोलवायची. वस्तीवरची पोरं तिला ‘इंजिन’ म्हणायची. विहिरीवरचं ऑइल इंजिन हँडल मारताना फक-फक करून बंद पडतं तशी ती बोलते, म्हणून. मीही म्हणायचे. तिच्या तोंडावर नाही, पण म्हणायचे; आता सत्तरी उलटल्यावर खोटं कशाला लिहू? ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्यानं तिला आमच्या दारात आणून सोडलं होतं. ‘हिला बोलता येत न्हाई, तुमी आमाला फसवलं,’ एवढंच बोलून तो आल्या पावली निघून गेला. पुढं पाच वर्षं त्या घरून साधी खुशालीसुद्धा आली नाही.

आमची वस्ती श्रीगोंद्याच्या पलीकडं, पंधरा-सोळा ख्रिस्ती घरांची. एका टोकाला दगडी भिंतींचं, पत्र्याचं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, अजून म्हणतो. दारातल्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. ती वाजवायचं काम आत्याकडं. तिचे ठोके असे एकसारखे, गोल पडायचे की पाटापलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायकासुद्धा हात धुऊन निघायच्या. प्रभुभोजनाची, म्हणजे देवळात वाटायच्या भाकरीची आणि द्राक्षरसाची, तयारीही तीच करायची. शनिवारी काळ्या मनुका पितळी पातेल्यात भिजत घालायच्या, रविवारी पहाटे त्या हातानं कुस्करून पांढऱ्या धडप्यातून गाळायच्या. बिनमिठाची चपाती लाटून तिचे नखाएवढे चौकोन कापायचे. चपातीच्या कडा उरायच्या त्या आम्हा पोरांच्या. शेंगदाण्याच्या चटणीला टेकवून खाल्लेल्या त्या कडांची चव मला अजून आठवते, आणि रविवारभर आत्याच्या हातांना येणारा मनुकांचा आंबूस-गोड वासही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी उपासना अण्णा चालवायचे. पांढरा लेंगा, काळा कोट, आणि बोलणं पट्टीनं आखल्यासारखं. चमत्कार, दृष्टान्त, अन्य भाषा या गोष्टी त्यांना खपायच्या नाहीत. अन्य भाषा म्हणजे पवित्र आत्म्यानं भरलेल्या माणसाच्या तोंडून निघणारी, त्याला कुणी न शिकवलेली भाषा. ‘देऊळ बांधताना परांची लागते,’ अण्णा म्हणायचे. ‘भिंत उभी राहिली की गवंडी परांची सोडून घेऊन जातो. प्रेषितांच्या काळातली कृपादानं ही परांची. आता शास्त्र लिहून पुरं झालं. भिंत उभी आहे.’ एकदा आईनं चुलीपासूनच विचारलं, ‘आन भिताडाला तडा गेला तर वं?’ अण्णा म्हणाले, ‘तू भाकरी बघ, करपतीय.’

त्यांच्या या चिडीमागं भीती होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते आजोबांच्या वेळी. त्याआधी आमच्या पणजीच्या अंगात मरीआई यायची. केस मोकळे सोडून ती घुमायला लागली की वस्ती हात जोडून तिचा शब्द झेलायची. असाच एकदा तिच्या तोंडून एका बाईचं नाव निघालं, आणि त्या बाईला चेटकीण ठरवून लोकांनी वस्तीबाहेर हाकललं. अण्णा तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. ती बाई कडेवर लेकरू घेऊन जाताना त्यांनी पाहिली होती. म्हाताऱ्या वयात हे मला सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. ‘देवाचं नाव बदललं म्हणून माणसाची जीभ बदलत नाही,’ ते म्हणाले.

मी त्यांची थोरली लेक, शालन, आणि त्यांचा अभिमान. रविवारच्या शाळेत दर आठवड्याला बायबलमधलं एक सुवर्णवचन पाठ करावं लागे. बाकीची पोरं एकात अडखळायची, मी पाच म्हणून दाखवायचे. पाहुणे आले की अण्णा पुस्तक, अध्याय आणि ओवी सांगायचे आणि मी धडाधड वचन म्हणायचे. अर्थ कळायचाच असं नाही. पण पाहुणे ‘वा!’ म्हणायचे आणि मला वाटायचं, मला सगळं कळतं.

मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी, शिमग्याच्या सुमाराला, कुठूनसा एक ब्रदर आला. बरोबर ढोलकी, पेटी आणि दोन गॅसबत्त्या. अण्णांनी देऊळ द्यायला साफ नकार दिला, तेव्हा त्यानं ओढ्याकाठच्या मोकळ्या पटांगणात कनात बांधली. तीन संध्याकाळी सभा झाली. आई आत्याला घेऊन गेली, आणि मी गंमत बघायला मागोमाग. दोन दिवस मी ओढणीत तोंड खुपसून हसले. तिसऱ्या दिवशी ब्रदर सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत ठेवत पुढं गेला. आत्याजवळ तो जेमतेम थांबला असेल. तो पुढं सरकला आणि आत्या बोलायला लागली.

ते मी कसं सांगू? लकारांनी भरलेली, मऊ, लांबच लांब वाक्यं होती. वाक्यं म्हणते, कारण त्यांना चढ होता, उतार होता, मधेच प्रश्न विचारल्यासारखा हेल होता. आणि एकही अक्षर अडत नव्हतं. मान सरळ, डोळे उघडे. वाफ्याचं दार मोडल्यावर पाटाचं पाणी सुटावं तशी ती बोलत होती. आईनं माझा दंड घट्ट धरला होता आणि ती रडत होती. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. आजवर मी पुष्कळ सभा पाहिल्या, मोठमोठ्या मांडवातल्या, पडद्यावर दाखवलेल्या, आणि त्यातल्या बहुतेकांत मला माणसाचंच कसब दिसलं. पण त्या संध्याकाळचा उलगडा मला आजही करता येत नाही. सव्वीस वर्षं जिला आपलं नाव सांगता आलं नाही, ती बाई दहा मिनिटं न अडखळता कुणाशी तरी बोलली. मी तिथं होते.

ब्रदर आपल्या गॅसबत्त्या घेऊन पुढच्या गावाला गेला, आणि हे सगळं निस्तरायला आम्ही उरलो. दर शुक्रवारी दुपारी आमच्या अंगणात बायकांची प्रार्थना असे. त्यात आत्या पुन्हा तशीच बोलली, आणि त्यापुढच्या शुक्रवारीही. अण्णांपुढं पेच पडला. बहिणीला गप्प राहा म्हणावं, तर तिचा चेहरा त्यांनीही पाहिला होता. शेवटी पाळकसाहेब आले तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. पाळकसाहेब थकलेले, सगळ्यांना सांभाळून घेणारे. ते म्हणाले, ‘मास्तर, पौलानं नियम घालून दिलाय. अन्य भाषा बोलणाऱ्याला मना करू नये, पण अर्थ सांगणारा नसेल तर त्यानं मंडळीत गप्प राहावं. तेवढं पाळा म्हणजे झालं.’ अण्णांना नियम मिळाला की बरं वाटायचं. त्यांनी त्याला आपला एक नियम जोडला: अर्थ सांगायचा तो शास्त्रातल्या वचनातच बसला पाहिजे, कुणी मनचं काही सांगायचं नाही. त्यांना वाटलं, आता ही गोष्ट आपोआप बंद पडेल. वस्तीत इतकी वचनं कुणाला येत होती?

येत होती की. त्याच शुक्रवारी आत्या बोलून थांबली, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि माझ्या जिभेवर एक वचन आलं, भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे, अशा अर्थाचं. मी ते खणखणीत म्हटलं. बायका ‘आमेन’ म्हणाल्या. आईनं पदर डोळ्यांना लावला. आत्यानं तेवढं माझ्याकडं बघितलं. पंगतीत नको ती भाजी पानात पडल्यावर माणूस वाढप्याकडं बघतं, तसं होतं ते बघणं. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

त्यानंतर मी वस्तीची अर्थ सांगणारी झाले. पलीकडच्या गावाहून बायका यायला लागल्या. कुणाचं पोर तापानं पडलेलं, कुणाचा सासरा त्रास देतोय. त्या आत्याला आपलं दुखणं सांगायच्या, आत्या डोळे उघडे ठेवून त्या भाषेत प्रार्थना करायची, आणि मग सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायच्या. एक म्हातारी कुजबुजली, ‘कानामागून आली आन तिखट झाली.’ ते ऐकूनही मला आनंदच झाला. पहिल्या दोन-तीन वेळा वचन खरंच आपसूक जिभेवर आलं, हे मी देवाला स्मरून सांगते. नंतर मात्र मी गुरुवारी वचनं हेरून ठेवायला लागले. कोण येणार, तिचं काय दुखतंय, तिला काय लागू पडेल, हे आधीच ठरवायचे. आत्या बोलत असताना मी ऐकतही नसे. आपलं वचन विसरू नये म्हणून मनात घोकत असे. आत्या मात्र बदलत होती. कोंबड्यांना ती आता मोठ्यानं हाका मारायची. एकदा आईला म्हणाली, ‘वहिनी, म-मीठ संपलं,’ आणि फक्त ‘म’वर क्षणभर अडली. आई मीठ आणायचं विसरून तिच्याकडं बघत राहिली.

दसरा पंधरा दिवसांवर असताना तिचा नवरा आला. शांतवन त्याचं नाव. कर्जतच्याही पलीकडं, कोरडवाहू पट्ट्यातला. बरोबर थोरला भाऊ. धुतलेलं धोतर, हातात केळ्यांचा घड. ओसरीवर बसून त्यानं मान खाली घातली. ‘मास्तर, आमचं चुकलं. पाच वरसं झाली, मन खातंय. न्यायला आलोय.’ बहीण घरात बसली म्हणून लोक काय बोलतात ते अण्णांनी पाच वर्षं ऐकलं होतं. मंडळीतल्या नवरा-बायकोचं भांडण मिटवायला ते गेले की कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘आधी आपल्या घरातलं बघा.’ त्यांनी आत्याला हाक मारली. ती दाराआड उभी होती. ‘सुंदरा, तुझं काय म्हणणं?’

आत्याची मान डाव्या खांद्याकडं गेली. डोळे मिटले. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगली होती, आणि अक्षर येत नव्हतं. इतकी वाईट अडलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. पाहुणे बघतायत, चहा निवतोय. एरवी आम्ही तिचं वाक्य पुरं करून टाकायचो. त्या दिवशी ते करायचं धाडस कुणाला झालं नाही. शेवटी आईच म्हणाली, ‘उद्या शुक्रवार हाय. परमेश्वरापुढं ठिवू. त्यो सांगंल तसं.’ सगळ्यांना हायसं वाटलं. अण्णांनाही. त्या दिवशी त्यांना परांची आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती, मी काटवटीत पीठ मळून देत होते. आई सहज म्हणाली, ‘गेली तर जिवाला तिचं सोताचं घर व्हईल. आन तुला खिडकीची खोली मिळंल, अभ्यासाला.’ आमचं घर दोन खणांचं. खिडकी असलेली बारकी खोली आत्याची होती, मी ओसरीवर भावंडांच्या गोंगाटात अकरावीचा अभ्यास करायचे. त्या खिडकीवर माझा डोळा होता. आईच्या बोलण्यात काही काळंबेरं नव्हतं. पण ते वाक्य मी मनात घेऊन दुपारी अंगणात बसले, हे माझ्यापासून लपत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

त्या दुपारी अंगण भरलं होतं. शांतवन आणि त्याचा भाऊ कुडापाशी बसले. अण्णा शुक्रवारी कधी बाहेर येत नसत, ते उंबऱ्यावर उभे होते. आत्या बोलायला लागली, आणि सुरुवातीलाच मला वाटलं की हे नेहमीचं नाही. नेहमीचा तो मऊपणा नव्हता. शब्द भरभर, एकावर एक चढत होते. उजव्या हाताचा तळवा ती जमिनीवर आपटत होती, सारवलेल्या अंगणाचा पोपडा निघाला तरी आपटत होती. मधे दोनदा तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ती थांबली. दमली होती. सगळी माणसं माझ्याकडं वळली.

मी त्या दिवशी काही हेरून ठेवलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण त्या वर्षी ज्या उताऱ्यावर मला बक्षीस मिळालं होतं, तो जिभेच्या टोकाशीच होता. थडग्यांत राहणाऱ्या माणसाला प्रभूनं बरं केलं. त्याला प्रभूबरोबर जायचं होतं, आणि प्रभूनं सांगितलं: आपल्या घरी जा, आपल्या माणसांत जा. मी ते म्हटलं. माझ्या त्याच खणखणीत आवाजात.

‘आमेन.’ पहिला आवाज अण्णांचा होता. सगळ्यांत मोठाही त्यांचाच. मग शांतवनचा, मग आईचा, मग सगळ्या अंगणाचा. आत्या माझ्याकडं बघत होती. पानात नको ते पडल्यावरचं ते बघणं आता नव्हतं. ती फक्त बघत होती. मग उठली, लुगड्याला हात पुसले आणि आपली पत्र्याची पेटी भरायला आत गेली. शनिवारी सकाळच्या यष्टीनं ती गेली. जाताना मनुका गाळायचं पांढरं धडपं तिनं माझ्या हातात दिलं. ‘त-त-तू कर आता,’ म्हणाली. मी त्याच दिवशी खिडकीखाली पुस्तकं मांडली.

महिन्याभरानं अण्णा आठवडे बाजाराहून आले ते खाटेवर पडून राहिले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘शांतवन टोळीबरोबर कारखान्यावर गेलाय. सुंदराला घेऊन.’ आमच्या भागात ऊस आहे, कारखाने आहेत, दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यासमोरून जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं फडात ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. एकट्या गड्याला मुकादम टोळीत घेत नाही. दसऱ्याच्या तोंडावर माणसाला पाच वर्षांपूर्वी टाकलेली बायको का आठवते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्यातल्या कुणाला ते सुचलं नाही. की सुचलं होतं, आणि आम्ही देवाकडून वेगळं वदवून घेतलं? हा प्रश्न मी अण्णांना कधी विचारला नाही. त्यांना नाही आणि आईलाही नाही.

नाताळानंतर अण्णा तिला बघायला कारखान्याच्या तळावर जाऊन आले. उसाच्या पाचटाच्या खोपटापुढं ती भाकरी भाजत होती. ‘ब-ब-बरं हाय,’ म्हणाली म्हणे. अण्णांनी ‘घरी चल’ म्हटलं का, हे मला माहीत नाही. दुसऱ्या वर्षीचा गळीत हंगाम सरता सरता, प्रभुभोजनाच्या रविवारी, ती एकटीच चालत आली. मी शिक्षिकेच्या कोर्सला नगरला होते, सुट्टीला म्हणून घरी आले होते. घंटा मीच वाजवली होती, वेडीवाकडी. पाळकसाहेब भाकर मोडत असताना ती देवळात शिरली आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत, बस्करावरही नाही, नुसत्या फरशीवर बसली. मी ओळखलं ते हातांवरून. तबक तिच्यापाशी नेलं तेव्हा तिनं दोन बोटांनी एक चौकोन उचलला. उसाच्या पात्यांनी चिरलेली, काळी पडलेली बोटं. मनुकांचा वास नव्हता.

घरी आईनं तिला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं आणि बाहेर येऊन चुलीपुढं बसली. म्हणाली, ‘चार म्हयन्याचं हुतं. फडातच गेलं. दुसऱ्या दिशी मोळ्या उचलल्यात तिनं.’ मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता आई मला काहीतरी बोलेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बोलेल, मारेल. बोलली असती तर बरं झालं असतं. आई म्हणाली, ‘आपन समद्यांनी मिळून केलं गं हे.’ आणि चुलीत फुंकर घालायला लागली. शुक्रवारची प्रार्थना त्यानंतर भरली नाही. अण्णांनी बहिणीची क्षमा मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण शांतवन पुन्हा आला तेव्हा त्याला त्यांनी ओसरीवर चढू दिलं नाही. आणि परांचीचा दृष्टान्त त्यांनी मरेपर्यंत कधी दिला नाही.

आत्या पुन्हा मनुका भिजवायला लागली, घंटा वाजवायला लागली. ती भाषा मात्र गेली. कोंबड्यांना मारायच्या हाकाही गेल्या. खोली मी तिची तिला परत दिली, जणू त्यानं काही भरून येणार होतं.

मी नोकरीला लागल्यावर, दहाएक वर्षांनी, एका सुट्टीत आम्ही दोघी अंगणात मनुका निवडत बसलो होतो. माझं लग्न झालं होतं, पदरात लेक होती, आणि त्या शुक्रवारचं ओझं वाहून मला झोप लागेनाशी झाली होती. मी म्हटलं, ‘आत्या, मला तुझ्या भाषेचा अर्थ कधीच कळत नव्हता. मी आपलं वचन म्हणायचे.’ ती काड्या वेचत राहिली. ‘म-म-म्हाईत हुतं,’ म्हणाली. ‘मग गेलीस का गं?’ तिची मान खांद्याकडं गेली, डोळे मिटले. मी जन्मात पहिल्यांदा तिचं वाक्य तिला पुरं करू दिलं. खूप वेळ लागला. ‘स-स-समद्यांनी आ-आमेन म्हनलं.’ मी रडले. ती मनुका निवडत होती. मग धीर करून मी विचारलं, त्या दिवशी तू खरं काय म्हणत होतीस? तिनं माझ्याकडं बघितलं, जरा हसलीसुद्धा. ‘त-ते तुला न्हवतं सांगत.’

आता आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, रस्ते चौपदरी झाले, आणि प्रत्येक नाक्यावर आजार बरे करणाऱ्या कुठल्या ना कुठल्या चंगाई सभेचे फलक लागतात. मोबाईलवर लोक मला प्रार्थनांचे व्हिडिओ पाठवतात. मंडळीतली तरुण मुलं घरी येऊन वाद घालतात. एक म्हणतो, कृपादानं प्रेषितांबरोबर संपली. दुसरा म्हणतो, देव काल, आज आणि युगानुयुग सारखाच. ‘बाई, तुम्ही जुनी माणसं, तुम्ही सांगा.’ मी त्यांना चहा देते. संपली म्हणावं, तर ओढ्याकाठची ती संध्याकाळ आडवी येते. चालू आहेत म्हणावं, तर तळवा आपटून सोललेलं अंगण डोळ्यापुढं येतं. देवानं त्या अडलेल्या बाईला एक वाट करून दिली असेल, तर मी त्या वाटेत उभी राहिले. आणि दिली नसेल, तर सोळा वर्षांच्या पोरीच्या पाठांतरावर आम्ही एक जीव फडात धाडला. दोन्हीकडून माझी सुटका नाही. देवानं मला क्षमा केली आहे, असं मी प्रार्थनेत म्हणते. म्हणताना आवाज खणखणीत लागत नाही.

मी निवृत्त झाल्यावर आत्याला माझ्याकडे नगरला घेऊन आले. आई-अण्णा केव्हाच गेले होते. शेवटचं वर्ष ती अंथरुणावरच होती. तिच्या खाटेसाठी मी खिडकीची खोली रिकामी केली होती. तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, आमच्या मंडळीचे नवे पाळक तिला भेटायला आले. तिशीचे, भले गृहस्थ. कुणाकडून तरी त्यांना जुनी हकीकत कळली होती, अर्धीच. त्यांनी तिचा हात हातात घेऊन प्रार्थना सुरू केली, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत आत्यानं डोळे उघडले.

तेच लकार, तोच हेल. पन्नास वर्षांहून जास्त काळ मी तो ऐकला नव्हता, आणि पहिल्या दोन अक्षरांतच मी तो ओळखला. मान सरळ होती. दात नसलेल्या तोंडातून ते शब्द तसेच मऊ, लांबच लांब येत होते. पाळकांनी प्रार्थना थांबवली. त्यांचे डोळे भरले होते. ते माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, ‘बाई, तुम्हाला अर्थ सांगायचं दान होतं ना? काय म्हणतायत त्या?’

आणि खरं सांगते, वचनं आली. एकामागून एक, रांगेनं, अध्याय आणि ओवीसकट, सगळी सुंदर, सगळी लागू पडणारी. तोंड उघडलं असतं तर कुठलंही बाहेर पडलं असतं, आणि त्या भल्या माणसाला फार समाधान वाटलं असतं. मी दातांखाली जीभ धरली. खाटेची कड धरून खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्याचं बोलणं नुसतं ऐकलं.

‘मला कळत नाही,’ मी म्हणाले. ‘मला कधीच कळलं नाही.’

आत्या बोलतच होती, एकाही अक्षरावर न अडता, मधेच प्रश्न विचारत, मधेच दम घेत, आपल्याच कुणाशी बोलावं तशी. बराच वेळ बोलली. थांबली तेव्हा खोलीत कुणी आमेन म्हणालं नाही.